शिळं पाणी

लातूर, १९ मे

मायना मुद्दाम रिकामा सोडला आहे. बायकोनं नवऱ्याला पत्र लिहायचं तर वर काय लिहायचं, हे आम्हाला शाळेत शिकवलं नव्हतं. 'तीर्थरूप' लिहावं तर सासरे वाटाल, 'प्रिय' लिहावं तर तुम्हीच दचकाल. तेव्हा ती जागा तुमच्या मनानं भरून घ्या.

सोमवारी तुमचे फोन येऊन गेले. उचलले नाहीत. रागानं नव्हे. म्हणजे राग आहेच, पण तो वेगळा आहे. उचलून करू काय? मला सध्या बोलता येत नाही.

घाबरू नका. माझा आवाज बसलेला होता हे तुम्हाला ठाऊक आहे, दिवाळीत तुम्हीच म्हणाला होतात, "घशात वाळू भरलीय का?" बारावीची बॅच परीक्षेला गेली आणि मी डॉक्टरांकडे गेले. स्वरतंतूवर गाठ निघाली, तांदळाच्या कणीएवढी. साधीच आहे, तपासणीचा कागद आला आहे. सकाळी भूल दिली, तोंडातून दुर्बीण घालून गाठ काढली, संध्याकाळी घरी सोडलं. टाका नाही, पट्टी नाही. बघणाऱ्याला वाटावं, बाई धडधाकट आहे, नुसती फुगून बसली आहे.

त्यावर औषध म्हणजे मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं म्हणे जास्त ताण पडतो. खाकरायचं नाही, खदखदून हसायचं नाही, हुंदके देऊन रडायचं नाही, वजन उचलायचं नाही. डॉक्टर 'बोला' म्हणेपर्यंत तोंड फक्त जेवायला. इतकी वर्षं दीडदीडशे पोरांपुढं घसा फोडून केमिस्ट्री शिकवणारी मी, आता दारात भाजीवाली आली तर तिला भेंडीकडे बोट दाखवते आणि भाव न करता घेते.

तुम्हाला कळवलं नाही हे खरं. आईंना शपथ घातली होती, त्यांच्यावर चिडू नका. का कळवलं नाही ते आज लिहीत नाही.

मेसेज करता आला असता, हेही खरं. पण आपले मेसेज जरा वर सरकवून बघा. गॅस आला. लाइट बिल भरलं. आईच्या गोळ्या संपल्या. 'ओके' आणि अंगठा. त्या रांगेत 'माझं ऑपरेशन झालं' हे बसवायला मन झालं नाही.

आता मूळ गोष्ट. काल सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या होत्या, त्या कोंडाबाई. गल्लीतल्या हौदांमध्ये डासांच्या अळ्या झाल्यात, म्हणून घरोघरी गप्पी मासे वाटत होत्या. माझ्यापुढं पाण्यानं फुगलेली पिशवी धरली. म्हणाल्या, "हौदात सोडून ठिवा, ताई. अळ्या खातेत." आपला हौद मागेच बुजवला, आता प्लॅस्टिकचं पिंप आहे झाकणाचं, हे मला सांगायचं होतं. मी नुसता हात हलवला. त्या म्हणाल्या, "आवो फुकट हायत, सरकारी हायत." मी आणखी जोरात हात हलवला. "हाव हाव, कळलं," म्हणाल्या, आणि पिशवी माझ्या हातात देऊन पुढच्या दाराला गेल्या.

बोलता येत असतं तर हे मासे घरात आलेच नसते.

पिशवी बादलीत सोडली. पण बादलीतले मासे वरून नुसते टाचण्यांसारखे दिसतात. मग तुमची काचेची टाकी आठवली. शेजारच्या रत्नम्मांच्या जावयाला खुणा करून माळ्यावरून काढून घेतली. नांदेडला निघण्याआधी तुम्ही आपले मासे मुरुडच्या मित्राला देऊन टाकलेत, टाकी धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवलीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. बदलीवर जाणारा माणूस इतकी स्वच्छ काच पुसत नाही.

आता ती हॉलच्या खिडकीशी आहे. आत गप्पी आहेत. आईंनी बघितलं, आणि जपाला बसण्याआधी तुमच्या वेळी टाकत होत्या तसा टाकीवर टॉवेल टाकला.

सुकन्या


लातूर, २३ मे

मायना तसाच.

पत्र पोचलं असेल. तुमचा फोन आला नाही म्हणजे पोचलंच असेल.

इथं दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी मी मासे बघते. दुपारी ऊन असतं म्हणून बाहेर जाता येत नाही, मग मासे बघते. तुम्ही ऑफिसातून आलात की बूटही न काढता टाकीपुढं बसायचात आणि मी आतून ओरडायचे, "त्या माशांना डोळे तरी मिटता येतात का, सारखं काय बघता?" त्यांना पापण्या नसतात हे आता बघून कळलं. आणि बघण्यासारखं बरंच असतं. एक नर आहे, शेपटीला केशरी ठिपका. तो दिवसभर माद्यांपुढं नाचतो आणि एकही त्याच्याकडं बघत नाही. ओळखीचं कोणी आठवलं तर माझा इलाज नाही.

आईंचं आणि माझं पाटीवर चाललंय. शेजारच्या दुकानातून शाळेची पाटी आणली. मी लिहिते, त्या वाचतात. पण तुमच्या आजोळी, बिदरकडं, आईंची शाळा कानडीत झालेली, हे मी इतक्या वर्षांत विसरूनच गेले होते. बोलतात मराठी, पण वाचताना एकेक अक्षर खडा निवडावा तसं निवडतात, आणि काना-मात्रा-अनुस्वाराला जुमानत नाहीत. परवा मी लिहिलं, 'वरण पातळ करा, गिळताना दुखतं.' त्यांनी 'पातळ' वाचलं आणि कपाटातून माझ्यासाठी लुगडं काढून आणलं. मला हसायची बंदी आहे. तोंडात पदर कोंबून मी मोरीत जाऊन बसले.

माशांना त्या मासे म्हणत नाहीत. 'ते पाण्यातले' म्हणतात. "रत्नम्मा इचारत होती, गंगम्मा, तुमच्याकडं मासे आणलेत म्हनं. मी सांगितलं, खायाचे न्हाईत, बघायचे हायत. ती हासली. गळ्यात लिंग हाय माझ्या, आन् मला खुलासा करीत बसाव लागालंय." असं म्हणाल्या आणि मग हळूच टॉवेलाचा कोपरा उचलून आत बघितलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पण एक सांगायचं राहिलं होतं, ते आज पाटी-पेन्सिलीच्या नादात हाती लागलं. मी पाटीवर लिहिलं होतं, 'रत्नम्मांकडे जाते.' आईंनी ते नीट वाचलं, एकही काना चुकला नाही. मग ओल्या फडक्यानं 'जाते' पुसलं आणि पाटी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "येते लिव्ह. जाते म्हनू न्हाई घरातून निघताना. कानडीत बी होगतीनि म्हनत न्हाईत, बरतीनि म्हनतेत."

मग खिडकीतून फाटकाकडं बघत म्हणाल्या, "वीरू जातो म्हनून गेला."

तुम्हाला आठवतही नसेल. बॅग रिक्षात ठेवली, फाटकाला कडी लावली आणि 'जातो' म्हणालात. आदल्या रात्री आपलं जे झालं होतं, तुम्ही नांदेडला चल म्हणत होतात आणि मी बॅच सोडून येणार नाही म्हणत होते, त्या रागात निघून गेलं असेल तोंडातून. मी दारातच होते. मला वाटलं होतं फक्त मलाच ऐकू आलं. आई फाटकापर्यंत गेल्या होत्या, तुम्ही वळून दुसरा शब्द म्हणाल म्हणून. रिक्षा कोपऱ्यावरून गेल्यावरही उभ्या होत्या. दिवाळीत आलात तेव्हा निघताना काय म्हणालात तेही त्यांना पाठ आहे. 'चला' म्हणालात. 'चला' हा काही शब्द नव्हे.

टाकीतलं पाणी गढूळ दिसतंय. दूध घातल्यासारखं. काय करू?

सु.


लातूर, २७ मे

तुमचं कार्ड आलं. पोस्टमननं ते वाचूनच दिलं असणार, कारण देताना म्हणाला, "मॅडम, खाणं कमी घाला."

नवऱ्याचं पहिलं पत्र बाईनं जपून ठेवावं म्हणतात. म्हणून इथं उतरवून ठेवते, कार्ड हरवलं तर असावं: 'पाणी शिळं वापर. खाणं कमी. गढूळ झालं तरी हात लावू नको, आपोआप निवळतं. घशाची काळजी घे. वीरेश.'

घशाचा नंबर माशांच्या नंतर लागला. पण लागला. मी ती चारही वाक्यं बऱ्याचदा वाचली.

शिळं पाणी म्हणे. लातुरात शिळं सोडून दुसरं पाणी असतं का? नळ येतो तेव्हा गल्लीत सण असतो, आणि मग तेच पाणी पुढचा नळ येईपर्यंत पिंपात, टाकीत, कळशीत, जे सापडेल त्यात. नांदेडला गोदावरीच्या काठी राहून तुम्ही विसरलात. पण कळलं मला. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, ते दोन दिवस उघडं राहिलं की उडून जातं. केमिस्ट्री शिकवते मी. पण मुलांना शिकवताना 'क्लोरिन उडून जातो' म्हणते, 'पाणी शिळं करा' असं म्हणत नाही. तुमचं म्हणणं बरं वाटलं. ताजं ते सगळं चांगलं असं आपण धरून चालतो, आणि काही जिवांना शिळंच लागतं.

तपासणीला गेले होते. अजून सूज आहे म्हणाले, मौन वाढवलं. क्लासच्या सरांचा मेसेज आला, जूनच्या बॅचचं काय. 'बघते' लिहिलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्या वर्गात ओरडून शिकवणं यापुढं विसरा. माइक लावून, छोटा वर्ग, तेही दिवाळीनंतर. हे सरांना अजून सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे. सगळा लातूर पॅटर्न आवाजावर चालतो, आणि माझा आवाज परत कसा येईल, येईल का, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. दिवसा काही वाटत नाही. संध्याकाळी दिवे लागले की भीती वाटते. तेव्हा मी टाकीपुढं जाऊन बसते. ते सगळे काचेशी गोळा होतात आणि तोंडं उघडमीट करतात, आवाज कोणाचाच नाही. बरं वाटतं.

सुकन्या


लातूर, ३१ मे

आज मोठं रामायण झालं. सगळं सांगते, मधे वाचायचं सोडू नका, शेवट तितका वाईट नाही.

तुमचं कार्ड आईंना कळावं म्हणून मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून टाकीला टेकवून ठेवलं होतं: 'पाणी निवळू द्या.' म्हणजे हात लावू नका.

दुपारी मी देवघराशेजारी बसून वाफ घेत होते. मांडीशी उकळत्या पाण्याचं पातेलं, डोक्यावरून चादर. घाम पुसायला चादर बाजूला केली आणि हॉलमध्ये नजर गेली. आई टाकीपुढं पाठमोऱ्या उभ्या. बाही वर खोचलेली, कोपरापर्यंत हात पाण्यात, आणि हात गोल गोल फिरतोय.

हातात तुरटीचा खडा.

टँकरचं पाणी आलं की त्या पिंपात फिरवतात तसा. इथल्या कुठल्याही बाईनं गढूळ पाणी बघितलं की तिचा हात आपोआप तुरटीकडं जातो, माझाही जातो. पण तुरटीनं पाणी आंबट होतं, माशांचे कल्ले भाजतात. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते.

मी तोंड उघडलं होतं. 'आई' हा शब्द जिभेवर आला होता. वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं दचकायची, तसा एक आवाज दिला असता तर त्या जागच्या जागी थांबल्या असत्या. त्यांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणजे ओरडावंच लागलं असतं. आणि तेवढ्यात डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मांडीशी पातेलं, पटकन उठावं तर पाय भाजणार. हाताला देव्हाऱ्यातली घंटा लागली. ती मी घेतली आणि वाजवत सुटले.

भर दुपारी. न थांबता.

आई दचकल्या, वळल्या, आणि सवयीनं दोन्ही हात जोडले, एका हातात तुरटी. तशाच टपटप पाणी सांडत आत आल्या. "आगं माय, ही काय आरतीची येळ हाय? काय झालं?"

मी तुरटीकडं बोट दाखवून हात हलवला. त्यांना कळेना. ओढत टाकीपाशी नेलं. केशरी ठिपक्याचा नर वर येऊन तोंड वासत होता. बाकीचे सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. मी पाटी उचलून त्यांच्यापुढं धरली आणि अक्षरांवर बोट मारलं. त्यांनी वाचलं, बोट ठेवून ठेवून. "पाणी... निवळून... द्या. तूच लिव्हलीस की. निवळून द्या म्हून. मी दिलं निवळून."

अक्षरं निवडून वाचणाऱ्या बाईला 'निवळू द्या' आणि 'निवळून द्या' यात असं किती अंतर? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हुंदक्याची बंदी म्हणून मी नुसतीच उभी राहिले. त्यांना वाटलं मी चिडले.

मग मी हातवाऱ्यांनी दाखवलं. हे पाणी काढायचं, दुसरं घालायचं. दुसरं कुठलं? पिंपातल्या पाण्यात तुरटी फिरवलेलीच होती, आणि नळ कधी येणार कोणाला ठाऊक.

आई आत गेल्या. येताना कमरेवर तांब्याची घागर होती.

तुम्हाला माहीत आहे ती घागर. मठातल्या आडाचं पाणी, पहाटे उठून स्वतः आणतात, लिंगपूजेला. त्यात ब्लीचिंग नाही, तुरटी नाही. मला लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'ह्याला हात लावायचा न्हाई.' आजवर मी लावला नाही. ती घागर त्यांनी टाकीवर धरली, आणि मग थांबून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी धार धरली, अगदी हळू, लिंगावर धरतात तशी.

मी मगानं जुनं पाणी उपसत होते, तेवढीच मला परवानगी. घागर पुरली नाही. तर त्या उन्हात चप्पल सरकवून परत मठाकडं निघाल्या. मी हात धरला तर म्हणाल्या, "सोड. तू वजन उचलू न्हाई, आन् त्ये कोण उचलल? आले मी." दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला रत्नम्मा दारात होत्या, विचारलं, "गंगम्मा, इतक्या उनाचं पाणी कशाला?" आई म्हणाल्या, "घरात लेकरं हायत."

लेकरं म्हणाल्या. मी ऐकलं.

संध्याकाळपर्यंत बाकीचे सगळे कोपरा सोडून हिंडायला लागले. फक्त केशरी ठिपक्याचा गेला. आईंनी त्याला चमच्यावर काढलं आणि मागच्या बेलाच्या झाडाखाली खड्डा केला. मी बघत होते. त्यांनी आपल्या बटव्यातली विभूती चिमूटभर वर टाकली. म्हणाल्या, "आपल्या घरात ऱ्हायला. आपल्यावानीच माती द्यायची."

नंतर बराच वेळ टाकीपुढं बसून होत्या. टॉवेल टाकला नाही.

पाटीवर मी आता काहीही लिहिताना एकेक अक्षर दोनदा बघते.

सुकन्या


लातूर, ४ जून

टाकीत पिल्लं झाली आहेत. नुसते डोळे आणि शेपटी, बाकी काचेसारखं आरपार. मोजायला गेले तर हलतात. आधी आईंना दिसली. "बाळंतीन झाली तुझी एक," म्हणाल्या, आणि मला आत ओढत घेऊन गेल्या. तुमच्या कार्डातलं 'खाणं कमी' त्यांना मान्य नाही. बाळंतिणीला कमी कसं घालायचं, म्हणतात. भाताचं शीत बोटावर चुरडून टाकतात आणि कानडीत 'बा, बा' करून बोलावतात. आणि ते येतात, खरंच. मोठे मासे पिल्लांना खातात असं ऐकलं, म्हणून मी पिल्लं काचेच्या बरणीत वेगळी काढली आहेत. लोणच्याची होती. आईंनी दिली.

आता त्या प्रश्नाकडं येते, जो पहिल्या पत्रात टाळला होता.

तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही आला असतात. सुट्टी टाकून, दवाखान्याच्या बाकावर बसून, दोन दिवसांनी परत. आजारी माणसाला बघायला यावं तसे. मला ते नको होतं. 'जातो' म्हणून गेलेल्या माणसाला ऑपरेशनच्या निमित्तानं बोलावून घ्यायचं, म्हणजे त्याला यायला लावणं. मला तुम्ही यायला हवे आहात, पण लावलेले नकोत. हे तोंडानं मला कधी म्हणता आलं नसतं. तोंडानं म्हणायला गेले की आवाज चढतो माझा, आणि आवाज चढला की तुम्ही चप्पल शोधता. गेलं वर्षभर आपण फोनवर हेच केलं. गप्प बसायची पाळी आली तेव्हा कुठं सलग चार ओळी जमताहेत.

मी वर्गात किती बोलत होते, आणि घरात किती कमी ऐकत होते, असलं काही मी लिहिणार नाही. मी ऐकत होते. तुम्हीच कमी बोलत होतात. पण आता माझा आवाज येईल तो लहान येणार आहे म्हणतात. लहान आवाजाचं एक बरं असतं, ऐकणाऱ्याला जवळ येऊन बसावं लागतं.

एक साधी चौकशी. तुमच्या खोलीत पाणी कसं आहे? गोडं की खारं? आणि उजेडाची खिडकी आहे का, जिच्याशी अशी एक टाकी मावेल? माशांसाठीच विचारते आहे. दिवाळीपर्यंत मला मोठा वर्ग घ्यायचा नाही, तर माझा वेळ माशांचाच आहे, आणि मासे पिशवीत घालून कुठंही नेता येतात. आईंना विचारलं नाही अजून. त्यांची घागरही न्यावी लागेल.

हे वाचून लगेच काही ठरवू नका. तुमचंच वाक्य, हात लावू नका, आपोआप निवळतं.

तुमची,
सुकन्या


लातूर, ८ जून

हे पत्र तुम्हाला बहुधा तिथं भेटणारच नाही. कुलूप लावलेल्या खोलीच्या दाराखाली पडून राहील. तरी लिहिते. सवय लागली आहे, आणि आज आता दुसरा मार्गही नाही, ते का ते शेवटी कळेल.

सकाळी तपासणी झाली. सूज उतरली आहे. डॉक्टर म्हणाले, "बोला काहीतरी." इतके दिवस मनात एवढं साठलं होतं, आणि तोंडातून निघालं, "काय बोलू?" आवाज माझा नव्हता. खालच्या पट्टीतला, कापूस घातल्यासारखा. पण वाळू नव्हती त्यात. डॉक्टर खूश झाले. आजपासून थोडं थोडं बोलायचं, दिवसाला जेमतेम पाच मिनिटं, पंखा बंद करून, समोरच्याशी बोलावं तसं. उद्या जरा जास्त.

घरी आले तर आई दारातच होत्या. "पहिलं शिवाचं नाव घे," म्हणाल्या. घेतलं. त्यांना ऐकू आलं नाही, पण ओठ हललेले बघून त्यांनी डोळे पुसले. मग टाकीपाशी नेलं, "आता ह्यांना बी ऐकव." मी 'बा, बा' म्हणाले. पिल्लं बरणीत तुरुतुरु फिरली.

मग फोन लावला. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं काय झालं ते माहीत नाही.

मी "अहो" म्हणाले. तुम्ही म्हणालात, "कोण बोलतंय?"

क्षणभर मला फार वाईट वाटलं. नऊ वर्षं ज्या माणसानं माझा आवाज ऐकला, त्याला तो ओळखू आला नाही. मग वाटलं, बरंच झालं. ज्या आवाजाशी तुमचं भांडण होतं तो हा नव्हेच. मी म्हणाले, "मीच."

मागं तुमच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली, एक, मग दुसरी. तुम्हाला तिकडं भात लावता येतो हे मला आजच कळलं. पुढं काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, पण त्या शिट्ट्यांत ते सगळं विसरून गेले. मग तुम्ही म्हणालात, "येतो."

आणि फोन बंद झाला.

मी फोन कानाशी धरून तशीच बसले होते. लोक फोन संपवताना 'ठेवतो' म्हणतात. 'येतो' कोणी म्हणत नाही. 'येतो' दारातून म्हणतात.

आई शेजारी पाटावर बसल्या होत्या, माझ्या तोंडाकडं बघत. "काय म्हनला?"

"येतो म्हणाले."

त्यांचा चेहरा उतरला. "जातो म्हनला?"

माझा आवाज इतका बारीक, आणि त्यांचे कान तसे. मी पुन्हा सांगितलं, "येतो." त्यांनी कानामागं हात धरला. "परत सांग." परत सांगितलं. पाटी घेऊन लिहून दाखवावं म्हणून मी हात पुढं केला, तर त्यांनी पाटी बाजूला सारली. "लिव्हू नको. बोल." आणि कान अगदी माझ्या तोंडाशी आणला, लहान मूल गुपित ऐकायला आणतं तसा. मी म्हणाले, येतो. त्या म्हणाल्या, "येतो म्हनला?" मी म्हणाले, येतो. "वीरू म्हनला?" येतो म्हणाले, आई. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "आजून एकदा."

येताना मासे धरायची तुमची ती निळी जाळी आणा, हे फोनवर सांगायचं राहूनच गेलं, पिल्लं आता बरणीत मावत नाहीत. आई तुरीची डाळ निवडायला बसल्या आहेत आणि मधूनमधून मान वर करून फाटकाकडं बघतात. मला विचारायचं होतं की एवढ्या डाळीचं काय करणार, पण विचारता येत नाही. आजचं माझं सगळं बोलणं त्या एका शब्दात संपलं.

तुमची,
सुकन्या